फोटोच्या मागची ओळ

(महाल, नागपूर येथे कुटुंबांसमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



दिवाळीपूर्वीची झाडझूड सुरू झाली की महालातील जुन्या घरांत माळ्यावरून एक पत्र्याचा डबा खाली येतो. बिस्किटांचा, नाहीतर कुणाच्या लग्नात आलेल्या मिठाईचा. त्यात जुनी छायाचित्रे असतात. झाडझूड तासभर थांबते. सूनबाई एक फोटो उचलतात आणि विचारतात, "आई, ह्या कोण?" सासूबाई चष्मा शोधतात, फोटो उजेडात धरतात आणि सांगू लागतात. ही रामटेकची सहल, ह्या तुमच्या मोठ्या आत्या, मागे उभे आहेत ते शेजारच्या बिऱ्हाडातले मास्तर. मग एखादा फोटो असा निघतो की सासूबाईही थांबतात. "ह्यांना ओळखायला मामंजीच हवे होते." फोटो उलटून पाहिला जातो. मागे काही लिहिलेले असेल तर ठीक. नसेल तर तो पुन्हा डब्यात जातो आणि त्या घरापुरता तो माणूस कायमचा अनोळखी होतो.

कुटुंबाची सहल, छायाचित्रणाचा छंद आणि रोजच्या जगण्यातील यंत्रांचा आधार हा विषय वरवर पाहता हलकाफुलका वाटेल. परंतु घरातील माणसांची ओळख पुढच्या पिढीपर्यंत पोहोचते की वाटेतच हरवते, हा प्रश्न याच विषयाच्या पोटात दडलेला आहे.

महालाला सहलीची हौस जुनी आहे. पायी जायचे तर गांधीसागर हाताशी, थोडे पुढे महाराजबाग. कार्तिक महिन्यात आवळीभोजनासाठी तेलंखेडीची बाग, नाहीतर अंबाझरीचा काठ. दूर जायचे तर रामटेकची पॅसेंजर. आणि उमरेड-नागभीडकडे जाणारी, इतवारीहून सुटणारी छोटी गाडी. ही नॅरोगेज गाडी रूळ रुंद करण्यासाठी २०१९ मध्ये बंद झाली आणि तिच्याबरोबर खिडकीतून कोळशाचे, डिझेलचे कण डोळ्यांत घेणाऱ्या दोन-तीन पिढ्यांचा प्रवासही संपला. शिदोरीत दशम्या, ठेचा, कांदा आणि हंगाम असेल तर संत्री. कुणाच्या शेतावर उतरायचे असेल तर रोडगे आणि वांग्याची भाजी तिथेच शिजायची. पुरुष मंडळी गोवऱ्यांच्या आरावर रोडगे भाजत आणि वर्षभर स्वयंपाकघरात न फिरकणारा एखादा काका त्या दिवशी सगळ्यांना सूचना देत असे.

या सहलीत एखाद्याच घरी कॅमेरा असे. बडोद्याला तयार होणारा 'आग्फा क्लिक-३' हा साधा कॅमेरा मध्यमवर्गीयांच्या आवाक्यातला. त्यात एका रोलवर बारा चौकोनी चित्रे निघत. मागच्या लाल काचेतून आकडा पाहून रोल पुढे सरकवायचा. ऊन की ढगाळ, एवढाच काय तो विचार. पुढे ३५ मिलिमीटरचा रोल आला आणि बाराचे छत्तीस झाले. तरीही रोलची किंमत, धुण्याची किंमत, प्रतींची किंमत, असा हिशेब असे. सहलीत चार-पाच आणि उरलेले रोल संपवायला संक्रांतीच्या हळदीकुंकवापर्यंत थांबायचे. छंद अधिक मुरलेला असेल तर घरातील न्हाणीघराचीच रात्रीपुरती अंधारखोली होई. लाल दिवा, तीन थाळ्या, एकीत डेव्हलपर, शेवटचीत हायपो. थाळीतल्या कोऱ्या कागदावर हळूहळू आजोबांचा चेहरा उमटताना ज्याने लहानपणी पाहिला, त्याला रसायनशास्त्राची गोडी वेगळी लावावी लागली नाही.

बाराच चित्रे घ्यायची असल्यामुळे कॅमेरा हातात असलेला माणूस आधी पुष्कळ वेळ नुसता पाहत असे. सूर्य कुठे आहे, आजी कुठे बसल्या म्हणजे त्यांना डोळे मिचकावावे लागणार नाहीत, कोण मागे राहिले, लहान भाऊ रुसून झाडाआड का बसला आहे, हे सगळे त्याच्या ध्यानात येई. फोटो घरी आला की मागे शाईने वा पेन्सिलीने एक ओळ लिहिली जाई: ठिकाण, तिथी वा तारीख, डावीकडून नावे. प्रत्येक घरात असे होत असे, असा दावा करण्यात अर्थ नाही. तसे असते तर त्या पत्र्याच्या डब्यात अनोळखी माणसे उरलीच नसती.

आता परिस्थिती पालटली आहे. भ्रमणध्वनी हाच कॅमेरा झाला आणि चित्राला किंमत उरली नाही, म्हणजे पैशाच्या अर्थाने उरली नाही. एका रविवारच्या सहलीत एकेका घराची दोन-दोनशे चित्रे सहज होतात. हे वाईट झाले असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. ज्या आजी आयुष्यभर छायाचित्रात मागच्या रांगेत अर्ध्या झाकलेल्या दिसल्या, त्यांचे हसरे चेहरे आता नातवंडांनी टिपले आहेत. मुलगा पुण्याला, मुलगी न्यू जर्सीला, आणि महालातल्या ओसरीवर बसलेले आजोबा रात्री नातीला पडद्यावर पाहून झोपतात. ही सोय ज्या यंत्राने दिली त्याचे ऋण मान्यच केले पाहिजे.

अडचण यंत्राची नाही, यंत्रावर काय सोपवले याची आहे. अमेरिकेतील फेअरफिल्ड विद्यापीठात मानसशास्त्र शिकवणाऱ्या लिंडा हेंकेल यांनी २०१४ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी विद्यार्थ्यांना एका कलासंग्रहालयात नेले. काही वस्तू नुसत्या पाहायच्या, काहींचे छायाचित्र घ्यायचे. दुसऱ्या दिवशी विचारले तेव्हा ज्यांचे छायाचित्र घेतले त्या वस्तू आणि त्यांचे बारकावे विद्यार्थ्यांना कमी आठवले. कॅमेऱ्याने पाहिले, आता आपण पाहायची गरज नाही, असे मनानेच ठरवून टाकले होते. परंतु याच अभ्यासाचा दुसरा भाग क्वचितच सांगितला जातो. ज्यांना वस्तूच्या एखाद्या भागावर कॅमेरा जवळ नेऊन चित्र घ्यायला सांगितले होते, त्यांची स्मृती अशी उणावली नाही. चौकटीबाहेर राहिलेला भागसुद्धा त्यांच्या लक्षात होता. जवळ जाऊन, निवडून, थांबून पाहणाऱ्याचे कॅमेरा नुकसान करत नाही. छंद आणि सवय यांतला फरक इथे आहे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणाऱ्या मारबतींच्या मिरवणुकीत हा फरक डोळ्यांनी दिसतो. काळी आणि पिवळी मारबत पाहायला अख्खे जुने नागपूर रस्त्यावर असते. हौशी छायाचित्रकार सकाळपासून एखाद्या गच्चीची जागा धरून बसतात, मारबत वळणावर कधी येईल, उजेड कुठून पडेल याचा अदमास घेतात आणि मोजकी चित्रे नेतात. खाली मात्र मोबाईल धरलेल्या हातांचे रान उभे राहते. वडिलांच्या खांद्यावर बसलेल्या पोराला मारबत दिसते ती पुढच्या माणसाच्या पडद्यावर, तळहाताएवढी.

रस्त्याचेही तेच झाले आहे. महालात पत्ता सांगण्याची एक पद्धत होती. गांधीगेट, बडकस चौक, टिळक पुतळा, कल्याणेश्वराचे मंदिर, भोसल्यांचा वाडा या मोठ्या खुणा. त्यांच्या आत कुणाचा वाडा, कुठला पिंपळ, कुठली पिठाची गिरणी. पत्ता विचारणारा दोन ठिकाणी थांबे, दोन माणसांशी बोले आणि तिसऱ्याने त्याला दारापर्यंत पोहोचवले तर "थोडे पाणी घेता का?" असेही होई. लंडनमध्ये टॅक्सी चालवण्याचा परवाना मिळवायला शहरातील हजारो रस्ते तोंडपाठ असावे लागतात. एलिनॉर मॅग्वायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली दाखवून दिले की, या चालकांच्या मेंदूत स्थळांची स्मृती सांभाळणाऱ्या भागाची मागची बाजू इतरांपेक्षा मोठी असते. वाटा लक्षात ठेवणे हा मेंदूचा व्यायामच होय. आज महालात जन्मलेला मुलगासुद्धा चार गल्ल्यांपलीकडच्या मावशीकडे जाताना नकाशा उघडतो.

नकाशा उपयोगी आहे; आंधळा विश्वास घातक आहे. जानेवारी २०२१ मध्ये पुण्याहून कळसूबाईकडे निघालेली एक मोटार अकोले तालुक्यात रात्रीच्या वेळी मोबाईलवरील नकाशा दाखवील तसतशी पुढे गेली आणि धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावर उतरली. एकाचा मृत्यू झाला. पूल पावसाळ्यानंतरचे काही महिने पाण्याखाली असतो, हे त्या गावातल्या कोणत्याही माणसाने सांगितले असते. विचारायला कुणी उतरले नाही.

रामटेकच्या डोंगरावर उभे राहिले की एक जुना वाटाड्या आठवतो. मेघदूतातील रामगिरी म्हणजे हेच रामटेक, असे नागपूरचे थोर संशोधक महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी साधार मांडले. त्या काव्यातील यक्ष मेघाला अलकेचा मार्ग सांगतो. कुठल्या पर्वतावर विसावा घ्यायचा, कुठल्या नदीचे पाणी प्यायचे, कुठल्या प्रदेशातल्या शेतांवर बरसायचे, सगळे त्याला मुखोद्गत आहे. आणि मध्येच तो सांगतो की, उज्जयिनी वाटेत नाही, वळसा पडेल, तरी तिथे गेल्यावाचून राहू नको. जवळचा रस्ता दाखवणाऱ्या कोणत्याही यंत्राला हा सल्ला सुचणार नाही. सहलीला निघालेल्या कुटुंबाने मात्र तो जरूर ऐकावा. हल्ली छायाचित्रे 'क्लाउड'वर ठेवतात. मेघाच्या हाती जीवाभावाच्या गोष्टी सोपवण्याची रीत रामटेकला तशी नवी नाही. फरक एवढाच की यक्षाने मेघाला आधी सगळे बोलून सांगितले होते.

जरा कठोर बोलणे भाग आहे. ९ जुलै २०१७ च्या रविवारी नागपूरजवळच्या वेणा जलाशयात सहलीला गेलेल्या तरुणांची नाव उलटली. नावेतून मोबाईलवर थेट चित्रण चालू होते, घरी आणि मित्रांना ते दिसत होते. हसणारे चेहरे पडद्यावर राहिले, मुले परतली नाहीत. अपघाताला कारणे अनेक असतात आणि गेलेल्यांना बोल लावणे हा आपला संस्कार नव्हे. परंतु ज्या घरांत अठरा-वीस वर्षांची मुले आहेत, त्या घरांत सहलीच्या आदल्या रात्री मोबाईल चार्ज झाला का, हे विचारले जाते. पोहता येते का, नाव कुणाची, बसणार किती जण, हे विचारले जात नाही.

दुसरी घटना ३१ डिसेंबर २०२४ ची, उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यातली. नागपूरहून तास-दीड तासाच्या अंतरावरचे हे जंगल. वर्षाचा शेवटचा दिवस, पर्यटकांची गर्दी. 'एफ-२' नावाने ओळखली जाणारी वाघीण आपल्या पाच पिल्लांसह रस्त्यावर आली आणि दोन्ही बाजूंनी वाहनांनी तिची वाट अडवली. कारण एकच, प्रत्येकाला तिचे चित्र हवे होते. ती चित्रफीत सर्वत्र पसरली, वाहनचालक आणि मार्गदर्शकांवर कारवाई झाली आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. कारवाई गाडी हाकणाऱ्यांवर झाली, हे बरोबरच. पण "थोडी पुढे घ्या ना" असे मागच्या आसनावरून म्हणणारे शहरातील सुशिक्षित कुटुंब होते. त्या वाहनांत लहान मुलेही असतील. वाघिणीला कोंडीत पकडले की चांगला फोटो मिळतो, एवढाच धडा ती मुले घेऊन आली.

याच विदर्भाच्या जंगलांत मारुती चितमपल्ली यांनी वनाधिकारी म्हणून आयुष्याचा मोठा काळ काढला. जून २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले, त्याच वर्षी त्यांना पद्मश्री जाहीर झाली होती. नवेगावबांध, नागझिरा या परिसरातील पक्षी, झाडे आणि तिथल्या माणसांकडचे शब्द त्यांनी वर्षानुवर्षे टिपून ठेवले. नोंदवही हे साधन कॅमेऱ्याहून गरीब. पण पाहिले ते लिहायचे, ऐकले ते विचारून घ्यायचे, ही शिस्त त्यामागे होती.

नोंद खरी असली पाहिजे, याची एक विलक्षण कथा महाराष्ट्राच्याच भूमीवर घडली. रानपिंगळा नावाचे छोटे घुबड १८८४ नंतर कुणाला खात्रीने आढळले नव्हते. रिचर्ड माइनर्ट्झहॅगन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने १९१४ मध्ये गुजरातेत ते मिळाल्याचे सांगून एक नमुना पुढे केला. त्या चिठ्ठीवर भिस्त ठेवून शोध घेणाऱ्यांना तिथे काहीच सापडले नाही. अमेरिकेच्या पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी नमुने बारकाईने तपासले तेव्हा उघड झाले की, हा नमुना जेम्स डेव्हिडसन या खानदेशातील अधिकाऱ्याने कितीतरी आधी गोळा केलेला होता. माइनर्ट्झहॅगनने तो संग्रहालयातून चोरून वर खोटी चिठ्ठी लावली होती! मग रासमुसेन आणि त्यांचे सहकारी खऱ्या चिठ्ठ्यांवरच्या गावांकडे निघाले. नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या जंगलात रानपिंगळा भरदिवसा फांदीवर बसलेला सापडला, तब्बल ११३ वर्षांनी. त्याची छायाचित्रे घेतली गेली तेव्हा जगाने विश्वास ठेवला. पुढे मेळघाटातही त्याचे चांगले वास्तव्य असल्याचे दिसून आले. एका खोट्या ओळीने शोध भरकटला आणि खऱ्या ओळीने पक्षी परत मिळवून दिला.

घरातल्या छायाचित्रांना हा न्याय लावून पाहावा. मोबाईल प्रत्येक चित्रासोबत तारीख आणि वेळ नोंदवतो, बहुधा ठिकाणही. सारख्या चेहऱ्यांची चित्रे तो एकत्रही लावतो. पण चित्रातल्या बाई म्हणजे वन्संच्या जाऊबाई, ज्यांनी वडिलांच्या आजारपणात दोन महिने घर सांभाळले, हे त्याला कुणी सांगितल्याशिवाय कळणार कसे? आणि सांगू शकणारी माणसे ऐंशीच्या घरात आहेत.

शिवाय यंत्राचे आयुष्य माणसापेक्षा कमी. कोडॅक कंपनीतील तरुण अभियंता स्टीव्ह सॅसन याने १९७५ साली पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. एक कृष्णधवल चित्र कॅसेटवर उतरायला त्याला २३ सेकंद लागत. फिल्मच्या धंद्यावर गब्बर झालेल्या त्याच कंपनीला जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. आपल्याकडे १९९० च्या सुमारास लग्न झालेल्या जोडप्यांकडे लग्नाची व्हिडिओ कॅसेट असते. ती लावायला व्हीसीआर कुठे आहे? जगातील अखेरच्या उत्पादकाने तो बनवणे २०१६ मध्ये थांबवले. त्यानंतरच्या सीडींवर बुरशी चढली आहे. जुन्या मोबाईलमधील चित्रे मोबाईल बिघडला त्या दिवशी गेली. उलट पंचाहत्तर वर्षांपूर्वीचा कृष्णधवल कागद डब्यातून निघतो आणि काहीही न जोडता, कसलाही संकेतशब्द न देता दिसू लागतो.

आणखी एक छोटी गोष्ट. पूर्वी सहलीला निघताना पिशवीत पैसे वेगळे, तिकीट वेगळे, कॅमेरा वेगळा, गावातल्या ओळखीच्या माणसाचा पत्ता चिठ्ठीवर वेगळा. आता चारही कामे एकाच वस्तूकडे आहेत. जंगलात संपर्कक्षेत्र नसते, दुपारी विजेरी संपते आणि सात जणांचे कुटुंब चहाच्या टपरीसमोर खिसे चाचपत उभे राहते. घरातल्या प्रत्येकाला निदान दोन दूरध्वनी क्रमांक पाठ असावेत आणि एका पाकिटात रोख रक्कम असावी, यासाठी कुणी तज्ज्ञ लागत नाही.

मग करायचे काय? सहलीला गेल्यावर घरातल्या एकाकडेच त्या दिवसापुरता कॅमेरा द्यावा. पाळी फिरती ठेवावी, मुलींना आणि आजोबांनाही मिळावी. बाकीच्यांचे मोबाईल पिशवीत. परतल्यावर आठवड्याच्या आत सगळ्यांनी बसून बारा चित्रे निवडावीत. जुन्या रोलइतकीच, जास्त नाही. निवडताना भांडणे होतील. होऊ द्यावीत, कुठले चित्र ठेवायचे यावर भांडताना सहल दुसऱ्यांदा घडते. ती बारा चित्रे कागदावर छापून घ्यावीत. आणि माळ्यावरचा डबा दिवाळीची वाट न पाहता खाली काढून, घरातील सर्वांत वयोवृद्ध व्यक्तीसमोर उघडावा. त्यांचे बोलणे मोबाईलवर ध्वनिमुद्रित करावे. यंत्राचा याहून चांगला उपयोग शोधून सापडणार नाही. एका बैठकीत वीसच फोटो घ्यावेत, त्यांना थकवा येतो आणि काही फोटोंनंतर त्यांना थोडा वेळ गप्प बसायचे असते.

ओळ लिहिताना एवढे पाहावे. जुन्या जाड कागदावर मऊ पेन्सिल वापरावी, हात हलका ठेवावा. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो आणि बरोबर चेहऱ्यावर रेघ येते. नव्या गुळगुळीत कागदावर पेन्सिल उमटत नाही, तेव्हा चित्र पारदर्शक पाकिटात घालून सोबत कागदाची चिठ्ठी ठेवावी. आधी ठिकाण, मग वर्ष, मग डावीकडून नावे, पूर्ण नावे. नुसते 'बंडूकाका' लिहू नये, प्रत्येक घरात एक बंडूकाका असतो. आणि चित्र कुणी काढले त्याचेही नाव घालावे, कारण तो माणूस चित्रात कधीच नसतो.